मशीनला माझी जाऊ आवडली

मी जळकुकडी आहे. हे कुणी मला चिडवायला दिलेलं नाव नाही, माझं मीच घेतलेलं आहे. शाळेत असताना बाकावरच्या मुलीच्या नव्या दप्तरावर जळायची, कॉलेजात लांब केसांच्या मुलींवर, आणि लग्न झाल्यावर ज्यांचे नवरे न सांगता चहा करतात अशा सगळ्या बायकांवर. पण मशीनवर जळायची वेळ येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. त्या मशीनपायी धाकट्या जावेवर जळेन, हे तर स्वप्नातही आलं नसतं.

माझं काम आवाजाचं. नागपुरात ऑटोवर भोंगा लावून साड्यांच्या सेलची, दातांच्या दवाखान्याची किंवा कोचिंग क्लासची जाहिरात गल्लीगल्लीतून फिरते. त्यातली बोलणारी बाई बरीच वर्षं मी होते. रामदासपेठेतल्या एका मोठ्या दवाखान्यात फोन लावला की ‘नमस्कार, कृपया थोडा वेळ थांबा’ म्हणणारीही मीच. चेहऱ्यानं मला कुणी ओळखायचं नाही. पण बाजारात भाव विचारायला तोंड उघडलं की भाजीवाली वांगी तोलता तोलता मान वर करायची, आणि मी मुद्दाम अजून एखादं वाक्य बोलायची. गरज नसताना मी दोडक्याचासुद्धा भाव विचारलेला आहे.

हा आवाज मला आयता मिळाला नव्हता. मी कन्हानची. वडील कोळशाच्या खाणीत कामाला होते. आमच्या विहारात जयंतीच्या कार्यक्रमाला माइक यायचा, आणि पोरांनी त्यावर बोलावं असा वडिलांचा फार आग्रह. "माइकवर गेली का साफ बोलाव," ते म्हणायचे. "आपल्याले कोणी हासलं नाही पायजे." शाळेत हसायचे. मी ‘मले पाणी पायजे’ म्हटलं की पुढच्या बाकावरच्या मुली तोंडावर हात ठेवायच्या. मग मी घरी आरशापुढे उभी राहून मला, तुला, कशाला, कुठे असं घोटून घोटून जिभेवर बसवलं. मला त्याचं दुःख वगैरे अजिबात नाही. एका जयंतीला मी सगळ्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं, तेव्हा वडील मांडवाच्या शेवटी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "हा माह्या पोरीचा आवाज होय." तेवढ्यासाठी मी आणखी दोन भाषा घोटल्या असत्या.

पुढे लग्न होऊन मी नागपुरात आले, आणि काही वर्षांनी धाकटी जाऊ आली. ती काटोलकडची. दीर अमरावती रोडवर, वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये काम करतो, आणि ती दोघं तिथंच भाड्याच्या खोल्यांत राहतात. जाऊ बोलायला लागली की शेजारच्या खोलीतल्यांना वेगळं काही सांगावं लागत नाही. पहिल्यांदा माझं बोलणं ऐकलं तेव्हा ती म्हणाली होती, "बाप्पा, ताई, तुमी तं रेडिओवानी बोलता." मी वरवर ‘काहीतरीच’ म्हटलं, पण ते वाक्य मी पुढं कितीतरी जणांना ऐकवलं. सणावाराला ती दोघं आमच्याकडे यायची, तेव्हा पाहुणे आले की मी समोर बसून बोलायची आणि ती चहा करायची. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच चालायचं.

मग एक दिवस अमरावती रोडवर मला गाद्यांच्या सेलचा ऑटो दिसला. भोंग्यातून एक बाई बोलत होती. गोड, स्वच्छ, शब्द न् शब्द सुटा. ही कोण नवी पोरगी आणली, म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याआधी काही महिने जाहिराती रेकॉर्ड करायच्या स्टुडिओतून मला बोलावणं येत नव्हतं, पण मी समजत होते की लग्नसराई संपली, धंदा मंदा असेल. मी तशीच ऑटो करून स्टुडिओत गेले.

मालक भला माणूस. माझ्याकडे बघून तो आधी चहा सांगायला उठला, तेव्हाच मी समजले. त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. त्यावर त्यानं दोन ओळी टाइप केल्या आणि लॅपटॉप बोलला, "नागपूरकरांनो, ही संधी सोडू नका." त्याच गोड बाईचा आवाज. पोरगी वगैरे नव्हतीच.

"मॅडम, हिले सर्दी होत नाही," मालक खाली बघत म्हणाला. "रात्री दुकानदाराचा फोन आला तरी सकाळी ऑटोवर आवाज तयार. मी काय करू?"

मी आणखी एकदा ऐकवायला सांगितलं. मग आणखी एकदा. चूक काढायला बसले होते, पण ती बाई चुकेना. श्वास कुठं घ्यायचा हे शिकायला मला वर्षं लागली होती. ही श्वासच घेत नव्हती.

थोड्या दिवसांनी नवऱ्याचे गुडघे दाखवायचे म्हणून मी दवाखान्यात फोन लावला. तिथंही तीच. ‘नमस्कार’ म्हणाली आणि मी फोन आपटला. नवऱ्याला म्हटलं, जा, रांगेत उभे राहून नंबर लावा. तो बिचारा गुडघा चोळत म्हणाला, "अगं, तिच्यात जीवच नाही. तिच्यावर काहून जळून राहिली तू?"

"जीव नाही म्हणूनच," मी म्हटलं. तिला घसा नाही, घर नाही, घरभाडं नाही. तिला गुडघेवाला नवरा नाही. तिच्याशी भांडायचीसुद्धा सोय नव्हती.

अशात एका रविवारी जाऊ आली. डब्यात पुडाच्या वड्या होत्या आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. तिच्या बचत गटातल्या बाईनं कुठंतरी तिचं नाव दिलं होतं. कोणतीशी कंपनी इकडच्या लोकांचं बोलणं रेकॉर्ड करून घेत होती. समोर चित्र ठेवतात, त्यावर बोलायचं. घरी साड्यांना फॉल लावून तिला मिळायचे त्यापेक्षा कितीतरी चांगले पैसे.

"मशीनले आपली बोली शिकवाची आहे म्हणते," ती म्हणाली. "शहरातली बोली येते तिले, पण आमच्यासारखी नाही येत. तं म्हणे तुमी या बोलाले."

वडी माझ्या घशात अडकली. मशीननं माझं काम काढून घेतलं, आणि आता त्याच मशीनला बोलायला शिकवायला हिला बोलावलं. हिला. जी माझ्यासमोर पाहुण्यांशी कधी एक सलग वाक्य बोलली नव्हती. मी माझ्या उत्तमातल्या उत्तम आवाजात "छान" म्हटलं आणि पाणी प्यायला आत गेले.

तिला त्या पैशांची गरज होती, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दिराच्या गोडाऊनमध्येही तेच वारं आलं होतं. कोणती गाडी कोणत्या मार्गानं न्यायची, कोणता माल आधी चढवायचा, हे आता स्क्रीन सांगत होती. त्याच्या बरोबरीचे काहीजण घरी बसले होते आणि दीर रोज कामावर जाताना आज आपलं काय होतं अशा चेहऱ्यानं जात होता. हे सगळं मला कळत होतं. कळून जळणं थांबत असतं, तर जगातल्या निम्म्या बायका सुखात राहिल्या असत्या. दीर फोनवर कौतुकानं "आमच्या मॅडम" म्हणायला लागला, तेव्हा तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या घरात मॅडम एकच होती.

आणि एक दिवस तीच जाऊ तोंड पाडून माझ्या दारात उभी राहिली.

"सगळं वापस आलं, ताई."

खरं सांगते, मला बरं वाटलं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. मी तिला बसवलं, पंखा लावला, आणि मग अगदी काळजीच्या सुरात विचारलं, काय झालं गं.

तिनं फोनवर आपलं रेकॉर्डिंग लावलं. "नमस्कार," फोन म्हणाला. "या चित्रामध्ये मला एक सुंदर बैलजोडी दिसत आहे." मी थिजले. आवाज जावेचा होता, पण बोलत मी होते. ‘नमस्कार’च्या आधी मी हलकेच घसा साफ करते, तोसुद्धा तिनं केला होता. शब्दाचा शेवट खाली न सोडता थोडा वर धरायचा, ही माझी युक्ती. तीही उचलली होती, पण जमली नव्हती. त्यामुळे बैलजोडीचं कौतुक करणारी बाई कुठल्यातरी पायरीवर अडखळल्यासारखी वाटत होती.

"हे असं का बोललीस?" मी विचारलं.

"माइकवर असंच बोलाव लागते ना? तुमी बोलता तसं." तिनं डोळे मोठे केले. "त्याइनं सांगतलं, घरी बोलता तसं बोला. पण माइक पाहला का माहं तोंडच बदलून जाते. आता पुन्हा वापस आलं तं माहं नाव काटतीन."

मग तिनं खरं काम काढलं. पुढचं रेकॉर्डिंग जोडीनं होतं. समोर घरातलं कुणीतरी बसवायचं, म्हणजे बोलणं मोकळं होतं. दिराला सुट्टी नव्हती. "तुमी चला ना, ताई. तुमी समोर असल्या तं मले हिंमत येईन."

मी लगेच हो म्हटलं. तिला वाटलं तिच्यासाठी. मला माइक हवा होता. एकदा त्या कंपनीच्या माणसांनी माझा आवाज ऐकला की ते बघत राहतील, आणि जावेचं नाव राहिलं काय, कटलं काय, माझं लागेल, हे मी ऑटोत बसेपर्यंत मनात पक्कं केलं होतं. चांगली इस्त्रीची साडी नेसले. आवाजात साडी दिसत नाही, तरी नेसले.

वाडीला एका टायरच्या दुकानावर ती खोली होती. खाली ट्रक मागे घेणाऱ्यांच्या आरोळ्या, वर भिंतींना गाद्या-गोधड्या ठोकलेल्या. काम बघणारी मुलगी पुण्याकडची असावी. बोलायला नम्र, पायात पांढरे बूट. मी तिला काही विचारायची संधी न देता सांगितलं की मी व्यावसायिक आवाज आहे, आधी माझा नमुना घ्या. तिनं हेडफोन लावून शांतपणे ऐकलं. ऐकताना तिची मान डोलत होती, आणि मी जावेकडे एक नजर टाकली.

"खूपच सुंदर, ताई," मुलगी म्हणाली. "पण असा आवाज मशीनकडे आहे. खूप आहे."

घरात मीठ आहे म्हणावं, इतक्या सहजपणे ती ‘खूप आहे’ म्हणाली.

"मग तुम्हाला हवं तसं बोलते," मी म्हटलं. "मी कन्हानची आहे. माझी तीच बोली आहे."

आणि बोलले. "मी सकाळी बजारात जाऊन राहिली होती, तं मले रस्त्यात एक बाई भेटली." बोलता बोलताच मला माझं ऐकू येत होतं. प्रत्येक ‘मले’ धुऊन, घडी करून ठेवल्यासारखा निघत होता. जाऊ हसली असती तर बरं झालं असतं. ती जमिनीकडे बघत राहिली.

मुलीनं ते कुणाला तरी पाठवलं, फोनवर हळू आवाजात बोलली, आणि परत येऊन खुर्चीच्या कडेवर बसली. "ताई, राग मानू नका. ते म्हणतात, नाटकातल्यासारखं वाटतंय. कुणीतरी नक्कल केल्यासारखं."

माझ्या आईची बोली. माझ्या वडिलांची. आणि मी तिची नक्कल करत होते म्हणे. मी पर्स उचलली. जावेनं माझ्या पदराचं टोक धरलं.

"बसा ना, ताई. तुमी गेल्या तं आजचंही जाईन."

मी बसले. मोठ्या मनानं वगैरे नाही. इतक्या लोकांसमोरून, म्हणजे त्या एका मुलीसमोरून, चिडून निघून जाणं बरं दिसलं नसतं म्हणून बसले. मुलीनं मला हेडफोन दिले आणि समजावलं: मी फक्त ऐकायचं, मान हलवायची. बोलायचं नाही. माझा आवाज आत आला तर तो भाग कापावा लागेल. शिवाय असंही म्हणाली की या भागातले आवाज पुरेसे झाले की ते पुढच्या जिल्ह्यात जाणार. म्हणजे जावेचंही काम थोड्या दिवसांचंच. शिकून झालं की मशीन तिलाही विसरणार. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याची वाटही बघितली, पण तो काही आला नाही.

मुलीनं चित्र ठेवलं. जावेनं घसा साफ केला. "नमस्कार. या चित्रामध्ये..."

मुलीनं चित्र उचलून घेतलं. "चित्र राहू द्या. या ताई तुमच्या कोण? त्यांच्याबद्दल सांगा. काहीही."

जावेनं माझ्याकडे पाहिलं, मग माइककडे, मग परत माझ्याकडे. मग ती बोलायला लागली.

"ह्या माह्या मोठ्या जाऊबाई. ह्याइचा आवाज सगळ्या नागपुरात वाजे. मी नवी होती ना, तं भोंग्याचा ऑटो आला का आमचे हे म्हणत, आयक, वहिनी बोलून राहिली. मी पोयपाट सोडून दारात जाऊन उभी राहो. मले लय जळफळाट ये. म्हटलं, आपण इथी पोया लाटून राहिलो, अन् हे बाई घरी न येता घरात येऊन राहिली."

माझी मान हलवायची राहून गेली. मुलीनं मला खूण केली, मग मी हलवली.

"पाव्हणे आले का ह्या समोर बसत, मी चाय करो. चाय उकये तोवर मी ह्याइच्यावानी बोलून पाहो. नमस्कार, नमस्कार. कोणाले आयकू जाऊ नाही म्हून नळ सोडून देओ. जमे नाही ते मले. मंग मी गुपचूप चाय घेऊन बाहेर येओ." ती थोडी हसली. तिच्या बोलण्यात आता ना पायरी होती ना अडखळणं. "अन् एक दिवस ऑटो आला, तं दुसरीच बाई. मी ह्याइले विचारलं नाही, कसं विचाराव? पण मले असा गुस्सा आला त्या बाईचा. हे कोण वं, माह्या जावेच्या जागी? आमच्या गल्लीतून तिचा ऑटो गेला का अजूनही मी खिडकी लावून घेते. लेकरं हासतात. हासू द्या. आपलं माणूस ते आपलं माणूस."

हेडफोनमुळे ती माझ्या कानाच्या आत बोलत होती. आयुष्यभर मी दुसऱ्यांवर जळत आले. माझ्यावर कुणी जळलं असेल, आणि ते माझ्याच स्वयंपाकघरात, नळ सोडून, हे मला कधी सुचलं नव्हतं. गाद्यांच्या सेलचा ऑटो ऐकून आम्ही दोघी दोन टोकांना त्याच बाईवर चिडत होतो, आणि मी मात्र जावेवरही चिडत होते. काही ठरवायच्या आत माझं तोंड उघडलं.

"काहून सांगतलं नाही वं मले? येडी होय का तू?"

कन्हानच्या अंगणातून यावं तसं ते आलं. जाऊ बोलायची थांबली आणि माझ्याकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिनं मला असं बोलताना ऐकलं नव्हतं. मीही ऐकलं नव्हतं.

मुलीनं हात वर केला. "ताई, प्लीज. मधे नका ना बोलू. इतकं छान चाललं होतं." मी तिला विचारणार होते, आत्ताचं कसं होतं, हेही नाटकातल्यासारखं वाटलं का. पण ती स्क्रीनकडे वळली होती. स्क्रीनवर जावेच्या आवाजाची लांबच लांब रेघ होती आणि शेवटी उंच उठलेला एक छोटा तुकडा. मुलीनं तो निवडला आणि एक बटण दाबलं. तुकडा गेला. जावेला तिनं तिथूनच पुढं बोलायला सांगितलं, आणि जाऊ डोळे पुसून बोलायला लागली.

ते रेकॉर्डिंग वापस आलं नाही. पास झालं. जावेनं घरी येऊन मला ते सगळं ऐकवलं. ‘आपलं माणूस ते आपलं माणूस’ म्हणून झाल्यावर ती एक श्वास घेते आणि लगेच पुढचं बोलू लागते. मधे कुणी काही बोललं होतं, असं ऐकून मुळीच वाटत नाही.